मोठ्या वाऱ्याची रात्र

मंडळी, नावं ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच, पण वादळांना नाव ठेवण्याची पद्धत तशी अलीकडची. आमच्या आयर्लंडात हिवाळी वादळांना 2015 पासून रीतसर नावं देतात. आयर्लंड, ब्रिटन आणि नेदरलँड्स या तिघांची हवामान खाती मिळून दरवर्षी यादी काढतात. त्या यादीतलं एओविन नावाचं वादळ 24 जानेवारी 2025 रोजी, शुक्रवारी, आमच्या दारात येऊन उभं राहिलं. हे नाव 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतल्या एका शूर राजकन्येचं, अशी माहिती आमच्या कन्येने पुरवली. घराचं छप्पर कुरकुरत असताना ही माहिती ऐकून आमच्या हिला काही फार बरं वाटलं नाही.

सगळ्या देशाला लाल इशारा होता. शाळा बंद, कचेऱ्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. पहाटे वाऱ्याचा आवाज असा चढत गेला, की आगगाडी घरावरून चालली आहे, ती काही संपत नाही. "अहो, छप्पर राहील ना?" हिने विचारलं. आम्ही पडलो इंजिनिअर, त्यामुळे असले प्रश्न घरात आमच्याकडे येतात. "राहील, राहील," असं आम्ही अधिकारवाणीने म्हणालो आणि त्याच क्षणी वीज गेली.

त्या दिवशी काउंटी गॉलवेतल्या मेस हेड येथे वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी 184 किलोमीटर नोंदला गेला. देशातला तो विक्रम. आधीचा विक्रम होता 1945 च्या जानेवारीतला, ताशी 182 किलोमीटरचा, आणि तो नोंदला गेला होता फॉइन्स येथे. म्हणजे आमच्या शॅननच्या खाडीच्या पलीकडच्या काठावर, विमानतळ इकडे येण्यापूर्वी अटलांटिक ओलांडणारी समुद्री विमानं जिथे पाण्यावर उतरत त्या गावात. ऐंशी वर्षं आपल्या शेजाऱ्यांकडे असलेला मान गेला म्हणून आम्हाला उगाचच वाईट वाटलं.

साडेसात लाखांहून अधिक घरं अंधारात गेली. काहींची वीज यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. आमची दीड दिवसाने आली, पण तेवढ्यात आमची चांगलीच फजिती झाली. घरातलं सगळंच विजेवर, शेगडीपासून गरम पाण्यापर्यंत. दुपारी वारा पडल्यावर शेजारचे आजोबा दारात आले. वय ऐंशीच्या पुढे, पश्चिम क्लेअरच्या एका खेड्यातला जन्म, उभी हयात शॅननच्या कारखान्यांत गेलेली. आमची मुलं त्यांना 'आजोबा'च म्हणतात आणि तो शब्द त्यांनाही आवडतो. त्यांच्याकडे लोखंडी चूल आहे, लाकूड आणि टर्फ, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या विटा, जाळायची. "या सगळे, चूल पेटलेली आहे," म्हणाले. मग काय, आम्ही तांदूळ, मुगाची डाळ आणि पातेलं घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. खिचडी झाली, निखाऱ्यावर पापड भाजले. आजोबांनी पापड दोन्ही बाजूंनी निरखला आणि एका दमात चार खाल्ले.

आणि त्या चुलीपाशी आम्ही 'मोरे' हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आजोबा म्हणाले, "हे वादळ मोठंच. पण ईहा ना गीहा मोरेची सर याला नाही." आम्हाला शेवटचा शब्द तेवढा कळला. आयर्लंडात हे मोरे कोण, साताऱ्याचे की जावळीचे, असा प्रश्न आमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला असावा. मग त्यांनी उलगडून सांगितलं. आयरिश भाषेत 'मोर' म्हणजे मोठा, 'गीहा' म्हणजे वाऱ्याची, आणि 'ईहा' म्हणजे रात्र. मोठ्या वाऱ्याची रात्र. ती तारीख होती 6 जानेवारी 1839.

एकशे शहाऐंशी वर्षांपूर्वीचं हे वादळ, पण आजोबा असे बोलत होते की जणू गेल्या आठवड्यात त्यांच्या गोठ्याचं छप्पर गेलं.

हकीकत अशी. 5 जानेवारीला बर्फ पडलेलं. 6 तारीख उजाडली ती विचित्र शांत आणि उबदार. पान हलेना. इतकं निवांत, की मैलभर अंतरावरच्या घरातलं बोलणं ऐकू येत होतं असं लोक पुढे सांगत राहिले. तो दिवस ख्रिसमसच्या सणाचा शेवटचा, ज्याला इकडे 'बायकांचा ख्रिसमस' म्हणतात. त्या दिवशी बायकांनी आराम करायचा आणि घरकाम पुरुषांनी. दुपारनंतर पाऊस आला, अंधार पडल्यावर पश्चिमेचा वारा सुटला, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत त्याने सगळा देश झोडपून काढला. अडीचशे ते तीनशे माणसं गेली असा सर्वसाधारण अंदाज आहे. लाखो झाडं पडली. गवताने शाकारलेली छपरं उडाली, आणि चुलीतले निखारे वाऱ्यावर उडून ज्यांची छपरं राहिली होती त्यांना आगी लागल्या. गवताच्या गंजी दिसेनाशा झाल्या. समुद्रातले हेरिंग मासे किनाऱ्यापासून मैलोन्‌मैल आत शेतांत सापडले आणि आतल्या भागातल्या कुंपणांच्या पानांना खारट चव आली. छपराच्या गवतात पै-पैसा दडवून ठेवण्याची गरिबांची रीत होती. तीही पुंजी छपराबरोबर गेली.

पुष्कळांना वाटलं की न्यायाचा दिवस उजाडला, जग संपलं. आणखीही एक समजूत आहे, ती आम्हाला फार आवडली. त्या रात्री आयर्लंडातल्या सगळ्या पऱ्या देश सोडून गेल्या म्हणे. त्यांच्या जाण्याचाच तो वारा! इकडच्या पऱ्या म्हणजे पंखवाल्या गोजिरवाण्या पोरी नव्हेत. त्या आपल्या कोकणातल्या देवचारासारख्या. मान ठेवला तर ठीक, नाहीतर उपद्रव. धुळीची वावटळ उठली की त्यातून पऱ्या चालल्या आहेत असं समजून इकडचे शेतकरी देवाचं नाव घेत. आमच्याकडे वावटळीत भुतं असत, इतकाच फरक. पण सगळ्या पऱ्या गेल्या यावर आमच्या क्लेअरकरांचा पुरता विश्वास नसावा. आमच्या घराजवळच न्यूमार्केट-ऑन-फर्गस गावाशी 1999 साली नवा रस्ता व्हायचा होता. वाटेत परीचं समजलं जाणारं एक काटेरी झुडूप आलं. एडी लेनिहान या प्रसिद्ध कथेकऱ्याने आवाज उठवला आणि रस्त्याच्या आखणीत ते झुडूप राखलं गेलं. आमच्यातल्या इंजिनिअरला हे वाचून आधी हसू आलं. मग आठवलं, की आमच्या गावच्या रस्त्यानेही राखणदाराच्या वडाला वळसा घातलेला आहे.

क्लेअरच्या किनाऱ्यावर वादळाच्या आठवणी तर याहून कितीतरी जुन्या आहेत. इ. स. 804 च्या सुमारास सेंट पॅट्रिकच्या सणाच्या आदल्या दिवशी भयंकर वारा आणि विजांचं तांडव झालं, नैर्ऋत्य क्लेअरात 1010 माणसं मेली आणि समुद्राने फिता नावाच्या बेटाचे तीन तुकडे केले, अशी नोंद जुन्या बखरींत आहे. हजारावर दहा! हा हिशेब कोणी केला असेल? पण आकडा नेमका असला की गोष्ट खरी वाटते, हे त्या बखरकारालाही ठाऊक असावं. लिस्कॅनरच्या उपसागरात किलस्टिफिन नावाचं बुडालेलं गाव आहे, आपल्या द्वारकेसारखं. दर सात वर्षांनी ते पाण्यावर येतं, म्हणतात. आमच्या खाडीच्या तोंडाशी स्कॅटरी नावाचं बेट आहे, संत सेनन याचं. तिथला एक खडा जवळ बाळगला की होडी बुडत नाही अशी खलाश्यांची श्रद्धा होती. नवी होडी पाण्यात घातली की त्या बेटाला प्रदक्षिणा घालायची. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहणाऱ्या आमच्यासारख्या कोकण्याला यात परकं काय वाटणार?

असो. पुन्हा 1839 कडे येऊ, कारण त्या वाऱ्याची खरी गंमत सत्तर वर्षांनी झाली.

ब्रिटिश सरकारने 1908 साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला. 1 जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन. आयर्लंडही तेव्हा त्यांच्याच राज्यात. अडचण एकच. आयर्लंडात जन्माची सरकारी नोंद सुरू झाली 1864 साली. मग सत्तर वर्षांचा आहे हे म्हाताऱ्याने सिद्ध कसं करायचं? तिथे मोठा वारा कामाला आला. "मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का?" असं अधिकारी विचारत. आठवत असेल तर सत्तरी नक्की उलटली! त्या रात्री मी हातात बटाटा धरून खाण्याएवढा होतो, हे उत्तर म्हणजे जन्माचा दाखलाच. मग काय विचारता, सगळ्या देशाची स्मरणशक्ती एकाएकी तल्लख झाली. सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त म्हातारे निघाले. लिमरिककडच्या एका गृहस्थांची गोष्ट अजून सांगतात. त्यांना स्वतःला आपण साठीचे आहोत असं वाटत होतं, पण तीन-चार मित्रांनी तुम्ही सत्तरचेच असं ठामपणे सांगितल्यावर बहुमतापुढे त्यांनी मान तुकवली आणि पेन्शन घेतलं.

हे ऐकून आम्ही इतके हसलो की आजोबांना कारण सांगावं लागलं. वाचकहो, तुमच्या ते लक्षात आलंच असेल. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत 1 जूनला जन्मलेली माणसं किती! शाळा जूनमध्ये सुरू होणार, मुलाचं वय सहा भरायला हवं, तेव्हा गुरुजींनी रजिस्टरात 1 जून लिहून टाकला. आमच्या वडिलांचा जन्म कागदोपत्री 1 जून 1948 चा. पण आजी सांगायची ते वेगळं. ती अलिबागकडे माहेरी बाळंतपणाला गेली होती. "रामदास बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर मोठं वादळ झालं, आणि वादळानंतर पंधरा दिवसांनी तुझा बाप झाला."

आजीचं कॅलेंडर हे असं. आम्ही पुढे ताडून पाहिलं. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली 17 जुलै 1947 रोजी, सहाशेहून अधिक माणसं घेऊन. आणि मुंबईच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं 1948 च्या नोव्हेंबरात, 22 तारखेच्या सुमारास. म्हणजे वडिलांचा खरा जन्म डिसेंबर 1948 चा. आयरिश म्हाताऱ्यांना वादळाने पेन्शन लवकर मिळवून दिलं. आमच्या वडिलांना मात्र वादळाने दिलेले सहा महिने गुरुजींनी काढून घेतले, आणि ते सहा महिने आधीच निवृत्त झाले!

ज्यांच्या घरी कागद नव्हते त्यांच्यासाठी वादळ, पूर, दुष्काळ, साथ हीच तारीख होती. प्लेगच्या साली लग्न, पानशेतच्या पुरात बदली, कोयनेच्या भूकंपाच्या रात्री पहिला नातू. राजे-रजवाडे आणि कायदे आपल्या तारखा इतिहासाच्या पुस्तकात लिहून ठेवतात. बाकीच्यांनी आपल्या तारखा वाऱ्यापावसात लिहिल्या.

खिचडी संपल्यावर आजोबा आत गेले आणि एका पातळ फायलीतून दोन कागद घेऊन आले. हस्ताक्षर शाळकरी मुलीचं, गोलसर, नीट. "हे माझ्या आईचं. बारा वर्षांची होती तेव्हा," ते म्हणाले.

यामागे एक मोठी सुंदर गोष्ट आहे. 1935 साली आयर्लंडात लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि जुनी माणसं जात होती, त्यांच्याबरोबर सगळं जात होतं. घरोघर फिरायला माणसं तरी किती आणणार? मग 1937 साली आयोगाने शाळांना हाताशी धरलं. देशातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना सांगितलं, की निबंधाऐवजी हे करा. घरी जा, आजी-आजोबांना विचारा, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि ते जसं सांगतील तसं वहीत लिहून आणा. विषयांची यादी दिली होती. भुतंखेतं, औषधी झाडपाला, खेळ, म्हणी, आणि त्यात एक विषय होता 'भयंकर हवामान'. कोणतं मोठं वादळ ऐकलं आहे? गावात काय झालं? कोणाचं घर गेलं? 1939 पर्यंत हे काम चाललं. आज त्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात जपून ठेवल्या आहेत आणि त्यांची पानं इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. आजोबांच्या नातीने तिथूनच आपल्या पणजीची ही पानं शोधून छापून दिली होती.

त्या बारा वर्षांच्या मुलीने, तिच्या आजोबांनी आपल्या आईकडून ऐकलेली हकीकत लिहिली होती. साधी सात-आठ वाक्यं. अमक्या डोंगराखालचं घर गेलं. तमक्यांची गाय ओढ्यात सापडली. लोक खंदकात आडवे पडून राहिले. आणि मग एक वाक्य असं, की आमच्या बापाने वाऱ्याच्या बाजूचं दार लावून घेतलं आणि मागचं उघडलं, म्हणून आमचं छप्पर राहिलं.

आम्ही ते वाक्य वाचलं आणि थोडा वेळ काही बोलता येईना.

इंजिनिअर म्हणून आधी त्यातलं शास्त्र सांगतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. वारा छपरावरून वेगाने वाहू लागला की छपराच्या वरचा दाब कमी होतो. त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचं दार किंवा खिडकी फुटली तर वारा आत भरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. वरून ओढ, आतून रेटा. म्हणून वादळात छप्पर बहुधा कोसळत नाही, उडतं. वाऱ्याच्या आडोशाचं दार उघडं असलं तर आतला दाब उतरतो आणि छपरावरचा ताण थोडा हलका होतो. जुन्या आयरिश घरांना समोरासमोर दोन दारं असत, त्याचा हा उपयोग. पश्चिम किनाऱ्यावर छपराचं गवत दोरांनी बांधून भिंतीतल्या दगडी खुंट्यांना आवळत, तेही याचसाठी. (आजच्या घरात हा दाराचा प्रयोग कृपया करू नये. दारंखिडक्या लावून आत बसावं हेच बरं.)

वाऱ्याचं मोजमाप करण्यातही आयर्लंडचा हात मोठा. वाऱ्याला 0 ते 12 असे गुण देणारा ब्यूफर्ट हा इथलाच, मीथ काउंटीतल्या नॅव्हनचा. त्याचं कोष्टक ब्रिटिश आरमाराने 1838 साली सक्तीचं केलं, मोठ्या वाऱ्याच्या आदल्याच वर्षी. आणि चार वाट्या गरगर फिरणारं ते वायुवेगमापक यंत्र, जे आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वातकुक्कुटाच्या शेजारी पाहिलं, ते 1846 साली केलं आर्माच्या वेधशाळेच्या रॉबिन्सनने. त्या रात्रीनंतर सातच वर्षांनी. पण ज्यांच्याकडे ना कोष्टक होतं ना वाट्या, त्या शेतकऱ्यांनी मागच्या दाराची युक्ती आपली आपण शोधली होती आणि ती नातवंडांना तोंडी सांगितली होती.

आता आम्ही का गप्प झालो ते सांगतो. आमच्या आजीच्या वादळाच्या गोष्टीतही हेच वाक्य होतं. "मागचं दार उघडलं म्हणून घर राहिलं." लहानपणी आम्हाला वाटायचं, आजीच्या अनेक समजुतींपैकी ही एक. लक्ष्मी मागच्या दाराने जाते, तिन्हीसांजेला ते उघडं ठेवू नये, असलंच काहीतरी. आम्ही कधी विचारलं नाही, की कोणी उघडलं? का उघडलं? कोणाला सुचलं? आजीला सांगायची हौस होती, आम्हाला ऐकायची नव्हती. आम्हाला अभ्यास होता. पुढे इंजिनिअरिंग, मग लिमरिकला मास्टर्सची पदवी, मग नोकरी. छपरावरचा वाऱ्याचा दाब आम्ही इकडे पुस्तकात शिकलो आणि त्याला पैसेही मोजले.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनला आलं. आई आणि दादा तिकडे, आम्ही इकडे, आणि कोविडमुळे विमानं बंद. दुपारपर्यंत दादा फोनवर होता. "माड वाकायला लागलेत," हे त्याचं शेवटचं वाक्य, मग फोन गेला तो चार दिवस. त्या चार दिवसांत आम्ही काय केलं ते आम्हालाच ठाऊक. उपग्रहाची चित्रं बघत बसलो. ताशी 110-120 किलोमीटरचा वारा म्हणजे छपरावर किती दाब, हे गणित आम्हाला येत होतं, आणि त्या गणिताचा काडीचा उपयोग नव्हता. पाचव्या दिवशी दादाने कुठूनतरी रेंज मिळवून फोन केला. "सगळे बरे आहेत. वाडी गेली." वाडी गेली म्हणजे पोफळी गेल्या, माड गेले. श्रीवर्धनची सुपारी प्रसिद्ध. पण नवी पोफळ लावली तर ती धरायला सहा-सात वर्षं. गावात पुष्कळांच्या वाड्या अशा आडव्या झाल्या. वीज तर कित्येक आठवडे नव्हती.

मग आईशी बोलणं झालं. ती शांत होती. "पडवीचे पत्रे गेले. माजघर राहिलं. मी मागचं दार उघडलं ना, सासूबाई सांगायच्या तसं."

"आई, आजीला हे कोणी शिकवलं होतं?"

"ती मोठी गोष्ट आहे रे. फोनवर काय सांगू? ये इकडे, सावकाश सांगते."

ते 'सावकाश' आलंच नाही. पुढच्या वर्षी आई गेली. आम्ही पोचलो ते विमानं सुरू झाल्यावर, म्हणजे उशिरा. वाडीत दादाने नवी रोपं लावली होती. ती गोष्ट मात्र कोणाला ठाऊक नव्हती. दादालाही नाही, आत्याला थोडीशी. आत्याच्या मते दार उघडणारे आजीचे वडील, पण तिला खात्री नाही. दोन पिढ्यांत घर दोनदा वाचवणारं एक वाक्य आमच्याकडे उरलं आहे, त्यामागचा माणूस हरवला. आणि इथे, परक्या देशात, एका बारा वर्षांच्या मुलीने पेनाने लिहिलेला तसाच माणूस आमच्यासमोर होता. शिक्षकांनी सांगितलं म्हणून तिने विचारलं, एवढंच. पण तिने विचारलं.

आमच्या मनात येतं, की या देशात 1845 नंतर भयंकर दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देशोधडीला लागली. पुष्कळ घरांत त्याबद्दल बोलणं नको असे. तो घाव बोलण्यापलीकडचा. वाऱ्याबद्दल मात्र बोलता येत होतं. वाऱ्यावर कोणाचा राग नसतो, वारा जमीनदार आणि कूळ दोघांचीही धुराडी पाडतो. कदाचित म्हणूनच मोठ्या वाऱ्याची रात्र इतकी टिकली. गेलेल्या जगाबद्दल बोलण्याची ती एक सोयीची वाट होती.

आपण परदेशी आलेली माणसं. आपलंही एक जग मागे राहिलं आहे, आणि ते फोनच्या पलीकडे दरवर्षी थोडं थोडं कमी होत चाललं आहे. मुलं इथे वाढतात. त्यांना एओविन आठवेल. आजोबांची चूल आणि निखाऱ्यावरचे पापड आठवतील. ते छानच आहे. त्या दिवसापासून गल्लीत कोणी भेटलं की "तुमची वीज कधी आली?" हा विषय निघतो आणि आम्हीही हक्काने तक्रार करतो. वीस वर्षं राहून जे झालं नव्हतं ते एका वादळाने केलं. या गावाच्या आठवणीत आम्ही एका रात्रीपुरते का होईना, पण दाखल झालो. पण त्यांच्या आजीचं वादळ? ते त्यांना कोण देणार?

म्हणून एक सूचना, मंडळाच्या कार्यकारिणीने आणि वाचकांनी विचार करावा अशी. आपली मराठी शाळा रविवारी भरते. मुलांना 'माझा आवडता सण' हा निबंध आपण दरवर्षी देतो. एक वर्ष तो सोडू या. प्रत्येक मुलाला एक वही देऊ या, आणि सांगू या, की भारतातल्या आजी-आजोबांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा. तुम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं वादळ कोणतं? वादळ नसेल तर पूर, दुष्काळ, भूकंप. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? घरात कोण होतं? काय केलंत? मराठी मोडकं असलं तरी चालेल, शुद्धलेखन आपण तपासू. पण आजी जे बोलेल ते तसंच उतरवायचं. नावं, गावं, कोणाची गाय, कोणाचं छप्पर, सगळं.

आमच्या घरी सुरुवात झाली आहे. गेल्या रविवारी आमच्या कन्येने श्रीवर्धनला काकाला फोन लावला, आणि अलिबागला आत्याआजीला. आत्याचं वय आता पंचाहत्तरच्या घरात, वादळ तिच्या जन्माआधीचं, सगळं ऐकीव. तरी ती पाऊण तास बोलली. कन्येने वहीत दीड पान लिहिलं, निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी शब्द देवनागरीत. त्यात एक वाक्य आम्हाला नवीन होतं. त्या रात्री आजीने पोटावर हात धरून सगळी रात्र उंबऱ्याशी बसून काढली म्हणे, मागचं दार वाऱ्याने आपटून पुन्हा लागू नये म्हणून पाठीने ते धरून.

म्हणजे दार उघडणारा कोण ते अजून कळलेलं नाही, पण उघडं ठेवणारी कोण, ते कळलं.